चेहरा सावरला, हसू अडकलं: एक प्रकरण अभ्यास

(संबंधित व्यक्तीच्या संमतीने लिहिले आहे. नाव, विषय शिकवण्याची इयत्ता आणि घरातले काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

वसुधाताई शेहेचाळीस वर्षांच्या. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. सहकाऱ्यांच्या सांगण्यानुसार त्यांचा वर्ग लांबूनही ओळखू यायचा, कारण दर थोड्या वेळाने तिथून हसण्याचा आवाज यायचा आणि त्यात बाईंचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. फळ्यावरचं त्यांचं स्वतःचं उत्तर चुकलं की त्या आधी हसायच्या, मग पुसायच्या.

एके दिवशी सकाळी चूळ भरताना तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. आरशात पाहिलं तर उजवी बाजू ओघळल्यासारखी, डोळा पुरता मिटेना. घरच्यांना वाटलं, अर्धांगवायूच. डॉक्टरांनी आधी कपाळ वर उचलायला सांगितलं. उजव्या बाजूला आठी पडली नाही. मेंदूतल्या झटक्यात बहुधा कपाळाची हालचाल शाबूत राहते. इथे कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू लुळी होती, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या मज्जातंतूत, सातव्या कवटी-मज्जातंतूत. बाकी तपासणीतही दुसरं काही निघालं नाही. निदान झालं बेल्स पाल्सी. पहिल्या बहात्तर तासांत स्टेरॉइड सुरू झालं, दिवसा डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर पट्टी. सगळं वेळेत आणि नीट झालं.

या आजारात उपचार न घेतलेल्यांपैकीही साधारण ७० टक्के लोक पूर्ण बरे होतात, आणि स्टेरॉइडने हे प्रमाण वाढतं. वसुधाताईंचीही हालचाल तिसऱ्या आठवड्यात परतू लागली. पाचव्या महिन्यापर्यंत शांत बसलेल्या वसुधाताईंकडे पाहून कुणालाही काही कळलं नसतं. कागदोपत्री प्रकरण संपलं होतं.

एक गोष्ट मात्र उरली. हसल्या की उजवा डोळा डाव्यापेक्षा खूप बारीक व्हायचा आणि ओठाचा उजवा कोपरा थोडा कमी उचलला जायचा. मज्जातंतू पुन्हा वाढताना काही धागे चुकीच्या स्नायूकडे जातात. मग ओठाकडे निघालेली आज्ञा डोळ्यापाशीही पोहोचते. याला सिन्कायनेसिस म्हणतात. शांत चेहऱ्यावर ते बहुतेक वेळा लक्षातही येत नाही. माणूस हसला की उघड होतं. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२मध्ये खऱ्या हास्याची खूण म्हणून डोळ्याभोवतीच्या ज्या स्नायूकडे बोट दाखवलं होतं, नेमका तोच स्नायू इथे चारचौघांत चुगली करत होता.

अडचण

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा आजाराला नऊ महिने होत आले होते. आल्या म्हणण्यापेक्षा आणल्या गेल्या. यजमान आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, दोघंही सोबत होते. यजमानांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "हिला डिप्रेशन आलंय, पण ही मान्य करत नाही."

पुरावा म्हणून त्यांनी बरंच काही सांगितलं. ही हसत नाही. विनोदी कार्यक्रम लावला की उठून जाते. नातेवाइकांत बसत नाही. हास्यगटात नाव घातलं तर तेही सोडलं. त्यांनी खिशातून एक छापील लेख काढला. नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाने १९६४मध्ये सांध्यांच्या दुखण्यातून हसून हसून स्वतःला कसं बरं केलं, ही हकिकत त्यात होती. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागायची, असं कझिन्स यांनी स्वतः लिहिलं होतं हे खरं. ते त्याचबरोबर 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते आणि त्यांच्या आजाराच्या निदानाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, हे त्या लेखात नव्हतं. एका माणसाचा अनुभव होता तो. पण घरात त्या लेखाचा अर्थ असा लावला गेला होता की जो हसत नाही, त्याला बरंच व्हायचं नाही. आजारी माणसावर हसण्याची जबाबदारी टाकण्याचा हा प्रकार आम्हाला वरचेवर दिसतो, आणि तो मला फार निर्दय वाटतो.

शाळेतलं चित्र निराळं होतं. तिथे कुणाचीच तक्रार नव्हती. उलट, वसुधाताईंच्या वर्गाची शिस्त यंदा सुधारली, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. मुलांना मात्र बाई सतत रागावलेल्या वाटायच्या.

पहिल्या भेटीत वसुधाताई फारसं बोलल्या नाहीत. कलाटणी मिळाली ती मुलीच्या एका वाक्याने, तेही निघता निघता दारात: "पण आई फोनवर हसते. मी हॉस्टेलवरून साधा फोन केला की अगदी पूर्वीसारखी हसते. व्हिडिओ कॉल मात्र घेतच नाही."

नैराश्याने हसू आटलं असतं तर ते फोनवरही आटलं असतं. इथे हसू शाबूत होतं आणि माणसाची नजर समोर आली की अडत होतं.

पुढच्या भेटीत त्या एकट्या आल्या. मी विचारलं, "ताई, हसू येत नाही, की येतं आणि थांबवता?"

"येतं हो. येतं आणि मी गिळते. वर्गात तर दिवसभर गिळत असते. मुलं इतकी मजेशीर बोलतात. संध्याकाळी घरी येईपर्यंत जबडा दुखतो."

मग त्यांनी फोटोची गोष्ट सांगितली. सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी एका कार्यक्रमाचे फोटो टाकले होते. त्यात भर हसण्यात टिपलेल्या वसुधाताई होत्या, एक डोळा जवळजवळ मिटलेला. खाली दोघांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकले होते. ते त्या फोटोला होते की त्याआधीच्या कुणाच्या तरी कोटीला, हे आजही माहीत नाही. त्या दिवसापासून कुठेही हशा पिकला की त्यांना आधी एकच प्रश्न पडू लागला: माझ्यावर का? फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं तरी पाठ ताठ व्हायची.

आपल्यालाच लोक हसतील या भीतीवर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. जर्मन मानसोपचारक मिखाएल टिट्झे यांनी तिचं वर्णन केलं, तिला जेलोटोफोबिया हे नाव मिळालं, आणि झ्युरिकचे विलिबाल्ड रूख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. अशा माणसांना दुसऱ्यांचं निखळ हसूही टिंगल वाटतं. बहुतेकांत तो मूळ स्वभावाचाच भाग असतो. वसुधाताईंची भीती अलीकडची होती आणि एका डोळ्यापुरती होती. म्हणून ते लेबल आम्ही लावलं नाही. भीतीची यंत्रणा मात्र तीच होती.

यजमानांनी धीर द्यायला म्हटलं होतं, "हसतील त्यांचे दात दिसतील." त्यावर वसुधाताई मला म्हणाल्या, "त्यांचे दात दिसतील, पण माझा डोळा दिसतो त्याचं काय?"

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न होता, ही अडचण आहे तरी का? हसणं ही काही सक्तीची गोष्ट नाही. गंभीर राहूनही माणूस सुखात असू शकतो, आणि घरच्यांना तिचं हसू हवं आहे हे उपचाराचं कारण होऊ शकत नाही. म्हणून काहीच न करणं हा पर्याय आम्ही खरोखर विचारात घेतला. तो बाजूला ठेवला त्या जबड्याच्या वाक्यामुळे. हसू दाबणं फुकट होत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मजेदार दृश्यं पाहताना चेहऱ्यावर काहीही उमटू देऊ नका असं सांगितलं होतं. त्यांच्या शरीरावरचा ताण वाढला, आणि आतून वाटणारी मजाही कमी झाली. म्हणजे हसू दाबणाऱ्याच्या वाट्याला दमणूक येते आणि आनंदही घटतो. वसुधाताई दिवसातले पाच-सहा तास हेच करत होत्या. आणि त्यांना स्वतःला ते नको होतं, हे महत्त्वाचं.

दुसरा पर्याय मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून नैराश्यावरची औषधं. झोप, भूक, कामातला रस, घरी कोडी सोडवण्याची हौस, सगळं जागच्या जागी होतं. गरज दिसली नाही. पण दर भेटीला त्याबद्दल पुन्हा विचारायचं ठरलं.

तिसरा पर्याय म्हणजे घरच्यांचा लाडका, पुन्हा हास्यगट. यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बऱ्याच जणांची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५मध्ये मुंबईच्या एका बागेत मोजक्या पाच जणांना घेऊन असा गट सुरू केला, आणि पुढे तो जगभर पसरला. आधी विनोद सांगून हसायचं, असं चालायचं. विनोद संपले आणि कारणाविना हसण्याचे व्यायाम आले. अनेकांना त्याचा फायदा होतो. सकाळची मोकळी हवा, हालचाल, खोल उच्छ्वास आणि ओळखीचे चेहरे, यांतलं काय किती काम करतं हे वेगळं काढणं अवघड आहे, पण एकत्रित परिणाम चांगला असतो.

वसुधाताईंच्या गटाचे प्रशिक्षक उत्साही आणि सद्हेतूचे होते. ते सांगायचे: तोंड पूर्ण उघडा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मोठ्यानं हसा, खोटं हसलात तरी शरीराला फरक कळत नाही. शेवटचं वाक्य फार लोकप्रिय आहे आणि अर्धवट खरं आहे. श्वासाचे स्नायू, छाती आणि पोट यांना व्यायाम दोन्हीकडे मिळतो. पण आपोआप फुटणारं हसू आणि ठरवून काढलेलं हसू यांचे मेंदूतले मार्ग वेगवेगळे आहेत. ऐकणाऱ्यालाही फरक कळतो. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना निव्वळ आवाजावरून खरं आणि ठरवून केलेलं हसू बऱ्याच अंशी ओळखता आलं होतं. लंडनच्या सोफी स्कॉट यांच्या गटाला दिसलं, की ठरवून केलेलं हसू ऐकताना आपल्या मेंदूचा दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणारा भाग जास्त कामाला लागतो. हा का हसतोय, हे मेंदू शोधू लागतो.

आता ज्या बाईला मुळातच वाटतंय की लोक माझ्याकडे पाहून हसताहेत, तिला वीस माणसांच्या वर्तुळात उभं करायचं, प्रत्येकाने तिच्या डोळ्यांत पाहून विनाकारण हसायचं, आणि तिनेही आपला चेहरा जास्तीत जास्त ताणायचा. भीतीला याहून पोषक वातावरण मुद्दाम घडवायचं म्हटलं तरी जमणार नाही. वसुधाताईंनी एक आठवडाही काढला नाही. घरी मात्र याचा अर्थ निघाला, "हिला बरंच व्हायचं नाही." आम्ही हा पर्याय फेटाळला.

चौथा होता चेहऱ्याची फिजिओथेरपी. आरशासमोर अगदी सावकाश, अगदी छोट्या हालचाली, ओठ उचलताना डोळा सैल ठेवायला शिकणं. इथे जोर लावणं उलट अंगाशी येतं. जोराने मोठं हसायचा सराव केला तर चुकीने जोडल्या गेलेल्या हालचाली आणखी पक्क्या व्हायची शक्यता असते. पाचवा, डोळ्याभोवतीच्या स्नायूत बोटुलिनमची, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या औषधाची, अल्प मात्रा टोचणं. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. वसुधाताईंचा ओढा याच्याकडे होता, आणि तो समजण्यासारखा होता.

सहावा पर्याय कुणीच मांडला नव्हता: लोकांना सांगून टाकणं.

काय केलं

फिजिओथेरपी लगेच सुरू झाली. बोटुलिनमचं आम्ही पुढे ढकललं. डोळ्याचा दोष दुरुस्त केला आणि भीती तशीच राहिली तर ती दुसरी जागा शोधेल, असा आमचा अंदाज होता. हा निर्णय वादाचा आहे, त्याकडे शेवटी वळतो.

भीतीसाठी पायऱ्या आखल्या. वसुधाताई कुठे हसू शकतात याची यादी केली. मुलीचा फोन. अंधारात, दिवा घालवल्यावर. रस्त्याने कुणाच्या शेजारून चालताना, कारण तेव्हा समोरासमोर पाहिलं जात नाही. या तिसऱ्या गोष्टीने मला फार मदत केली. धाकटी बहीण त्यांच्याच गावात राहते आणि दोघींचं बालपणापासून मेतकूट. रोज संध्याकाळी दोघींनी चालायला जायचं ठरलं. हसायचं असं ठरवायचं नाही, एवढी एकच अट. मेरीलँडमधले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणी लोकांच्या हसण्याचे १,२०० प्रसंग नोंदवले होते. त्यांपैकी २० टक्क्यांहून कमी प्रसंगांत विनोदासारखं काही आधी घडलं होतं. बाकी सगळं "चल, येते मी", "अरे, तू होय!" अशा साध्या बोलण्यावर. एकट्यापेक्षा सोबतीत माणूस तीसपट हसतो, असंही त्यांना आढळलं. विनोद शोधत बसण्यापेक्षा सोबत शोधली की हसू आपसूक येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते आलंच. बहिणीने वळून पाहिलं नाही. तिला तसं सांगितलेलं होतं.

घरात काम जास्त कठीण होतं. यजमान माणूस प्रेमळ. बायकोला हसवायला नकला करायचे, आणि नक्कल करताना तिच्या चेहऱ्यावर डोळे रोखून बसायचे. ओठ जरा हलला की टाळी वाजवून म्हणायचे, "हसली, हसली! बघ, जमतंय की!" ती क्षणात गंभीर. आम्ही त्यांना दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या, निरखणं आणि जाहीर करणं. त्यांना ते लागलं. "मग मी करायचं तरी काय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला स्वतःला कशाचं हसू येतं ते बघा आणि तुम्ही हसा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की नऊ महिन्यांत ते स्वतःही हसलेले नाहीत, नुसत्या नकला करताहेत.

यानंतर आला व्हिडिओचा प्रश्न. सामाजिक भीतीच्या उपचारांत स्वतःचं चित्रण पाहायला देण्याची पद्धत रुळलेली आहे. आधी विचारायचं, तुला काय दिसेल असं वाटतं? नेमकं लिहून ठेवायचं. मग परक्या माणसाकडे पाहावं तसं ते चित्रण पाहायचं. वसुधाताईंनी लिहिलं: "अर्धा चेहरा विद्रूप दिसेल. बघणाऱ्याला दुसरं काही दिसणारच नाही." मुलीशी गप्पा मारताना त्यांच्या माहितीने चित्रण केलं. दाखवावं की नाही यावर आमच्यात मतभेद होते. डोळा खरोखर बारीक होत होता. भीती पूर्ण निराधार असती तर प्रश्न सोपा होता.

दाखवलं. आवाज बंद करून एकदा, आवाजासह एकदा. आवाज बंद असताना त्या डोळ्याकडेच पाहत राहिल्या. आवाजासह पाहताना मध्येच त्यांनाही हसू आलं, मुलीने काय सांगितलं होतं ते आठवून. मग म्हणाल्या, "डोळा बारीक होतो. होतोच. पण विद्रूप नाही म्हणता येणार." एवढंच. याहून मोठा साक्षात्कार झाला नाही, आणि आम्हीही "छे, काही दिसतच नाही" असं म्हटलं नाही. दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर पुढे आमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायचं त्यांना कारण उरलं नसतं.

त्याच भेटीत सांगून टाकण्याचा विषय निघाला. यजमानांचा विरोध होता. वर्गाला कशाला सांगायचं, मुलं काय, आणखी चिडवतील. वसुधाताईंनी दोन आठवडे विचार केला. लपवण्याची सगळी दमणूक ही मुलांना माहीत नाही या गृहीतकावर उभी होती. ते गृहीतकच खरं नव्हतं, कारण आजारात बाई सुट्टीवर होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका सोमवारी तास सुरू होताना त्यांनी सांगितलं, "मागच्या वर्षी माझ्या चेहऱ्याची एक शीर बिघडली होती. आता बरी आहे, पण हसले की हा डोळा बारीक होतो. मी रागावलेली नसते." एका मुलाने विचारलं, "बाई, दुखतं का?" दुखत नाही म्हटल्यावर दुसऱ्याने विचारलं, आज चाचणी आहे का?

काय झालं

पुढचे दोन महिने चांगले गेले. वर्गात हसू परतलं, आधी तोंडावर हात ठेवून, मग कधी कधी हाताशिवाय. जबड्याचं दुखणं थांबलं. झोप आधीही बरी होती, तीत फरक पडला नाही. रक्तदाब वगैरे काही आम्ही मोजलं नाही, त्यामुळे हसण्याने तब्येत सुधारली असा दावा करता येणार नाही. हसण्याचा शरीराला होणारा फायदा खरा आहे, पण तो सांगितला जातो तेवढा अवाढव्य नाही. रॉबिन डनबार यांच्या २०११च्या प्रयोगांत सोबतीने खळखळून हसलेल्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. फिनलंडमधल्या तुर्कूच्या संशोधकांनी २०१७मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की मित्रांबरोबर हसल्यावर मेंदूत वेदनाशामक अफूसदृश द्रव्यं स्रवतात. कॅलरींचं म्हणाल तर दिवसात दहा-पंधरा मिनिटं हसून दहा ते चाळीस जळतात, एवढाच हिशोब निघतो. वसुधाताईंच्या बाबतीत खरा फायदा सरळ होता. मुलं पुन्हा प्रश्न विचारू लागली. बाई रागावलेल्या वाटत असताना चुकीचं उत्तर मोठ्याने बोलायला कुणी धजावत नव्हतं.

मग एका मुलाने मधल्या सुट्टीत त्यांच्या डोळ्याची नक्कल केली आणि ती त्यांनी खिडकीतून पाहिली. यजमानांनी जे होईल म्हटलं होतं, तेच झालं. दोन आठवडे सगळं पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळचं चालणंही बंद. त्या मुलाला त्यांनी काही म्हटलं नाही. वर्गातल्या एका मुलीने त्याला चांगलं खडसावलं, हे नंतर कळलं. या काळात आम्ही नवीन काही सुचवलं नाही. बहिणीने रोज दारात येऊन चप्पल न काढता थांबायचं, एवढं ठरवलं. नाही म्हटलं तर परत जायचं, आग्रह करायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात वसुधाताई पुन्हा निघाल्या.

त्यानंतर त्यांनी बोटुलिनमचं इंजेक्शन घेतलं. बराच फरक पडला. परिणाम ओसरल्यावर पुन्हा घेतलं, आणि पुढेही घेणार आहेत. भीतीवर मात केली की उपचारांची गरज उरत नाही, अशी गोष्ट सांगायला छान वाटली असती. तसं झालेलं नाही आणि होण्याचं कारणही नाही.

आज, म्हणजे पहिल्या भेटीनंतर दीड वर्षाने, त्या घरात आणि वर्गात मोकळेपणी हसतात. अनोळखी माणसांत हात अजून तोंडावर जातो. फोटोला नाही म्हणतात. व्हिडिओ कॉल घेतात, पण पडद्यावरचं स्वतःचं चित्र बंद करून. ही युक्ती मुलीची. मला ती अगदी योग्य वाटते, कारण हसताना स्वतःचा चेहरा समोर दिसणं ही गोष्ट माणसाच्या इतिहासात कालपरवापर्यंत नव्हतीच. मुख्याध्यापिकांनी अलीकडेच वर्गातल्या गलक्याबद्दल लेखी समज दिली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बोटुलिनम पुढे ढकलण्याचा निर्णय पुन्हा तपासायला हवा. भीती दुसरी जागा शोधेल हा अंदाज होता, पुरावा नव्हता. इंजेक्शन आधी दिलं असतं तर पायऱ्या चढणं सोपं झालं असतं, असं आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं ठाम मत आहे. माझं मत अजून उलट आहे. व्हिडिओत दोष दिसत असताना तो पाहता आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण अशीच दुसरी व्यक्ती आली आणि तिने इंजेक्शन आधी मागितलं, तर थांबवणार नाही.

आजाराच्या पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगायला हवं होतं, की हालचाल परतली तरी हसताना डोळा ओढला जाऊ शकतो. वसुधाताईंना ते पहिल्यांदा कळलं ते फोटोतून. आधी माहीत असतं तर तो फोटो वाईट वाटला असता, पण घाला वाटला नसता. बरं होण्याची मोजणी शांत चेहऱ्यावर होते आणि माणसं शांत चेहऱ्याने जगत नाहीत. तपासणीच्या वेळी "हसून दाखवा" म्हणतात, ते हसू ठरवून केलेलं असतं. घरी हसता का, हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

वर्गाला सांगण्याआधी नकलेची शक्यता आम्ही बोलून ठेवायला हवी होती. यजमानांनी ती मांडली होती, पण त्यांच्या विरोधाचा भाग म्हणून ती आम्ही ऐकून सोडून दिली. सांगण्याचा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही. नक्कल होईल हे गृहीत धरून काय करायचं ते ठरलेलं असतं, तर ते दोन आठवडे कदाचित चार दिवसांवर आले असते.

हास्यगटांबद्दल एक. हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, हसताना लघवीवरचा ताबा सुटणं, या गोष्टी चांगले प्रशिक्षक आधी विचारून घेतात. चेहऱ्याच्या लकव्याबद्दल आणि समोरासमोर पाहण्याच्या अडचणीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. वसुधाताईंच्या परवानगीने आम्ही त्यांच्या गटाच्या प्रशिक्षकांना हे कळवलं. त्यांनी दोनच दिवसांत उत्तर दिलं. आता नव्या सदस्यांना पहिले काही दिवस वर्तुळाबाहेर, पाठ करून किंवा डोळे मिटून सामील व्हायची मुभा आहे. त्यांनी वसुधाताईंनाही पुन्हा यायचं आमंत्रण दिलं. त्या गेल्या नाहीत. सकाळी सहाला उठून हसण्याची कल्पना त्यांना आजारापूर्वीही पटली नसती, असं त्यांनी कळवलं.